पऱ्हाटी जाळायचीच, पण बांधावर नाही

जळगावहून अजिंठ्याकडे निघाले की वाघूर नदीच्या काठी पहूर लागते. पहूर पेठ आणि पहूर कसबे अशी ही जोडगावे. कापसाचा शेवटचा वेचा आटोपला, की फेब्रुवारी-मार्चमध्ये या रस्त्यावरून संध्याकाळी जाणाऱ्याला एक वास हमखास येतो. शिवारात कुठेतरी पऱ्हाटीचा ढीग पेटवलेला असतो. उन्हाळी नांगरटीसाठी रान मोकळे करायचे असते, मजूर मिळत नाहीत आणि उपटलेली पऱ्हाटी ठेवायची कुठे, हा प्रश्न असतो. काडी ओढली की प्रश्न संपतो. निदान शेतकऱ्याला तसे वाटते.

त्याच वेळी गावात, घरामागच्या चुलीतही तीच पऱ्हाटी जळत असते. वर्षानुवर्षे इथल्या मजूर कुटुंबांचे हे हक्काचे जळण. 'रान मोकळे करून द्या, काड्या घेऊन जा' असा अनेक गावांतला न लिहिलेला करार. डोक्यावरून आणलेल्या मोळ्या पावसाळ्यापर्यंत घराच्या भिंतीला टेकून उभ्या असतात.

म्हणजे एकच काडी दोन ठिकाणी जळते. बांधावर जळते तेव्हा कोणाच्याच उपयोगी पडत नाही. चुलीत जळते तेव्हा भाकरी होते, पण तिचा धूर करणारीच्या छातीत जातो. याच काडीचा तिसरा उपयोग आता होऊ लागला आहे. ती कारखान्याच्या बॉयलरमध्ये आणि वीज केंद्राच्या भट्टीत कोळशाची जागा घेऊ शकते. हे कसे होते, त्यात अडचण कुठे आहे आणि त्यात चुलीपुढे बसणाऱ्या बाईचे काय होणार, हे समजून घ्यायला हवे.

काडीत असते काय?

कपाशी आपण एका हंगामाचे पीक म्हणून घेतो. मुळात मात्र ते झुडूप आहे. त्यामुळे त्याची काडी गव्हाच्या काडासारखी पोकळ व हलकी नसते. ती खरे तर बारीक लाकूडच असते. लाकडात असतात तेच तीन मुख्य घटक तिच्यात असतात : सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. सेल्युलोज म्हणजे साखरेच्या रेणूंची लांब साखळी. लिग्निन हा त्या तंतूंना घट्ट धरून ठेवणारा, झाडाला ताठपणा देणारा पदार्थ.

चांगली वाळलेली पऱ्हाटी जाळली तर एका किलोमागे साधारण साडेतीन ते चार हजार किलोकॅलरी उष्णता मिळते. आपल्या देशातल्या वीज केंद्रांत जो कोळसा जळतो, त्याची उष्णताही बरीचशी याच घरातली असते. शिवाय त्या कोळशात तीस ते चाळीस टक्के राखच असते, तर पऱ्हाटीत राख जेमतेम काही टक्के. पऱ्हाटीत गंधकही कमी असते.

आता थोडा हिशेब करू. जळगाव जिल्ह्यात कपाशीचे क्षेत्र अनेक वर्षे पाच लाख हेक्टरच्या आसपास राहिले. अलीकडे मक्यामुळे ते घटते आहे, पण हिशेबासाठी तोच आकडा धरू. एका हेक्टरमधून साधारण दोन ते तीन टन वाळलेली पऱ्हाटी निघते. कमीत कमी दोन टन धरले तरी एका जिल्ह्यात वर्षाला दहा लाख टन होतात. यातली काही चुलीत जाते, काही रोटाव्हेटरने मातीत मिसळली जाते आणि बरीचशी जळून जाते.

धूर म्हणजे न जळलेले इंधन

घरी एक प्रयोग करून पाहा. मेणबत्ती काही मिनिटे जळू द्या आणि फुंकून विझवा. वातीतून पांढऱ्या धुराची रेघ वर जाईल. लगेच पेटती काडी त्या धुराच्या रेघेला, वातीपासून थोड्या वर लावा. ज्योत धुरावरून खाली उतरून वात पुन्हा पेटते. कारण तो धूर म्हणजे मेणाची वाफच. जळायची राहून गेलेली.

चुलीत नेमके हेच घडते. काडी तापली की आधी तिच्यातून ज्वलनशील वायू आणि डांबरासारख्या पदार्थांची वाफ बाहेर पडते. त्यांना पुरेशी हवा आणि पुरेशी उष्णता एकाच वेळी मिळाली तर निळसर-पिवळी स्वच्छ ज्योत मिळते. पण चुलीत हवा कधी कमी, कधी जास्त असते. भांडे ज्योतीला थंड करते, ओलसर काडी आणखी थंड करते. वायू अर्धवट जळतात. त्यांतून कार्बन मोनॉक्साइड, बेंझीनसारखी रसायने आणि अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण तयार होतात. हे कण नाकात किंवा घशात अडकत नाहीत. ते फुप्फुसाच्या टोकापर्यंत आणि तिथून रक्तापर्यंत पोहोचतात. साध्या चुलीत शंभर भाग उष्णतेपैकी दहा-पंधरा भागच भांड्याला लागतात. म्हणून जळणही जास्त आणि धूरही जास्त.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. त्यांत पाच वर्षांखालील मुलांची संख्या दोन लाखांहून अधिक होती. हृदयविकार, पक्षाघात, न्यूमोनिया, फुप्फुसाचा कर्करोग आणि 'सीओपीडी' हा श्वसनमार्ग कायमचा अरुंद करणारा आजार, या सगळ्यांत धुराचा वाटा आहे. सीओपीडी हा पूर्वी विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा आजार समजला जाई. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांमधील सीओपीडीकडे लक्ष वेधले. आयुष्यात विडीला हात न लावलेल्या बाईला पन्नाशीत दम का लागतो, याचे उत्तर अनेकदा तिच्या चुलीत असते. दवाखान्यात मात्र 'वय झाले' म्हणून ते राहून जाते.

उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये सुरू झाली आणि सिलिंडर गावोगाव पोहोचले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली जवळपास ८० टक्के कुटुंबे स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरत असल्याचे आढळले. ग्रामीण भागात हे प्रमाण बरेच कमी आहे. शिवाय सिलिंडर असणे आणि तो रोज वापरणे यांत अंतर आहे. चहा गॅसवर, पण आंघोळीचे पाणी, भाकरी आणि गुराढोरांचे काही चुलीवर, असे चित्र पहूरसारख्या गावात सहज दिसते. पऱ्हाटी दारात फुकट पडलेली असेल तर सिलिंडर पुरवून पुरवून वापरला जाणारच.

बोंडअळीचे घर

पऱ्हाटी लवकर काढावी, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. त्याचे कारण गुलाबी बोंडअळी. २०१७-१८ च्या हंगामात या अळीने महाराष्ट्रातल्या कापूस उत्पादकाला रडवले होते. हंगामाच्या शेवटी ही अळी झाडावर राहिलेल्या किडक्या, अर्धवट उमललेल्या बोंडांत आणि जमिनीच्या भेगांत सुप्तावस्थेत जाते. पुढच्या पावसाळ्यात तिचा पतंग होतो आणि नव्या कपाशीकडे जातो. म्हणून फरदड घेऊ नका, डिसेंबरअखेर पीक संपवा, शेळ्या-मेंढ्या शेतात चरू द्या आणि पऱ्हाटीचे ढीग बांधावर रचून ठेवू नका, असा सल्ला दिला जातो.

हा सल्ला शेतकऱ्याला पटतो आणि तिथेच तो काडी ओढतो. पेटवल्याने अळी मरते हे खरे. पण दोन टन जळणही जाते, ढिगाखालच्या मातीतले उपयुक्त जीवजंतू जातात आणि काडीतले नत्र धुराबरोबर हवेत जाते. पऱ्हाटीला वेळेवर गिऱ्हाईक मिळाले, तर अळीचा बंदोबस्त आणि चार पैसे अशी दोन्ही कामे होतील. 'वेळेवर' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. पऱ्हाटी गोळा करून कारखान्याच्या आवारात जूनपर्यंत अख्खी रचून ठेवली, तर बांधावरचे अळीचे घर नुसते कारखान्यात हलवल्यासारखे होईल. तिचे शेतातच किंवा आल्या आल्या बारीक तुकडे करायला हवेत.

काडीचा कोळसा कसा होतो?

पऱ्हाटीची खरी अडचण तिच्या उष्णतेत नाही, तिच्या आकारात आहे. ट्रॅक्टरची ट्रॉली पऱ्हाटीने शिगोशीग भरली तरी वजन थोडेच भरते. म्हणजे भाडे हवा वाहून नेण्याचे. त्यामुळे पंचवीस-तीस किलोमीटरपलीकडे मोकळी पऱ्हाटी नेणे बहुधा परवडत नाही.

त्यावर उपाय म्हणजे तिला दाबणे. आधी यंत्राने तुकडे करायचे, मग भुसा करायचा आणि ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास आणायचा. हा भुसा प्रचंड दाबाखाली साच्यातून ढकलला की घर्षणाने तापतो. तापल्यावर त्यातले लिग्निन मऊ होते आणि डिंकासारखे काम करते. बाहेर पडून थंड झाले की घट्ट कांडी तयार. वेगळा चिकट पदार्थ घालावा लागत नाही. मनगटाएवढ्या जाड कांडीला ब्रिकेट म्हणतात, बोटापेक्षा बारीक गोळीला पेलेट. बाजारात ब्रिकेटला 'व्हाइट कोल' म्हणूनही ओळखतात. मोकळ्या काडीपेक्षा ती कितीतरी पट घन असल्याने तेवढ्याच गाडीत कितीतरी जास्त जळण मावते.

या कामात खान्देशचे ऊन मोठा मदतनीस आहे. भाताचा पेंढा ओल्या हवेत निघतो, उसाची चिपाडे रसातून निघतात. पऱ्हाटी मात्र उपटली जाते ती उन्हाळ्याच्या तोंडावर. जळगावचा पारा ४५ अंशांकडे जात असताना ती काही आठवड्यांत फुकट वाळते.

मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून कापसावर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे, 'सिरकॉट' या नावाने ती ओळखली जाते. पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड, ब्रिकेट, पेलेट आणि लवकर कुजणारे खत बनवण्यावर या संस्थेने दीर्घकाळ काम केले आहे. शेतातून कारखान्यापर्यंत काडी कशी गोळा करायची, याचा अभ्यासही तिथे झाला. म्हणजे तंत्र नवे किंवा परदेशी नाही.

दीपनगरचा हिशेब

पहूरहून जामनेरमार्गे भुसावळकडे गेले की पुढे दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. तिथे पाचशे मेगावॉटचे दोन संच आहेत. केंद्र सरकारच्या ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये धोरण जाहीर करून कोळशाच्या वीज केंद्रांना सुमारे पाच टक्के शेतातल्या अवशेषांच्या पेलेट कोळशात मिसळून जाळायला सांगितले. उत्तरेत पेंढा जाळल्याने दिल्लीची हवा कोंडते, ही त्यामागची मोठी प्रेरणा होती. एनटीपीसीने दादरी येथे त्याआधीच असे मिश्रण जाळून पाहिले होते.

पाचशे मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर तासाला ढोबळमानाने सव्वातीनशे टन कोळसा खातो. त्याचे पाच टक्के म्हणजे सोळा टन. दिवसाचे चारशे टनांच्या आत-बाहेर. वर्षात तीनशे दिवस धरले तर सव्वा लाख टनांच्या आसपास पेलेट लागतील. जिल्ह्यातली पऱ्हाटी दहा लाख टन. म्हणजे साधारण आठवा हिस्सा नीट गोळा झाला तरी एका संचाची गरज जिल्ह्यातच भागू शकते. तीही एका ठिकाणाहून नव्हे, तालुक्या-तालुक्यातल्या लहान कारखान्यांतून.

यातला कार्बन गेल्या पावसाळ्यात झाडाने हवेतूनच घेतलेला असतो. तो पुन्हा हवेत जातो, म्हणून हा व्यवहार कोळशापेक्षा पृथ्वीला सोपा. ट्रॅक्टरचे डिझेल आणि यंत्राची वीज मात्र त्यातून वजा करायला हवी.

केळीचा खांब वेगळा

खान्देशात कापसाइतकेच मोठे नाव केळीचे. रावेर, यावल, चोपडा भागात घड कापला की उरतो तो खांब. एका हेक्टरमागे साठ ते ऐंशी टन ओला माल. मे-जूनच्या वादळात बागा आडव्या झाल्या, की बांध आणि नाले या खांबांनी भरून जातात. मग कोणीतरी विचारतोच, 'पऱ्हाटीची कांडी होते, तर केळीच्या खांबाची का नाही?'

याचे उत्तर पाण्यात आहे. शंभर किलो खांबात ९२-९३ किलो पाणीच असते. सुका भाग सात-आठ किलो. त्याच्या ज्वलनातून फार तर पंचवीस हजार किलोकॅलरी मिळतील. पण ९३ किलो पाण्याची वाफ करायला पंचावन्न हजारांहून अधिक लागतात. म्हणजे आडातून काढून पोहऱ्यात येण्याआधीच दुप्पट सांडले. शिवाय केळीत पोटॅश भरपूर. भट्टीत हे पोटॅश वितळून राखेचे खंगर बनते आणि बॉयलरच्या नळ्यांना चिकटते.

म्हणून केळीच्या खांबाला आग नको, जिवाणू हवेत. बंद टाकीत हवेशिवाय राहणारे जिवाणू ओल्या मालातूनच मिथेनयुक्त वायू बनवतात. त्यांना पाण्याचे वावडे नाही. खांबात कर्बाच्या मानाने नत्र कमी असल्याने त्यात शेण मिसळावे लागते. जळगावच्या जैन इरिगेशनमध्ये फळे आणि भाजीपाल्याच्या प्रक्रियेतून उरलेल्या मालापासून बायोगॅस आणि त्यातून वीज बनवली जाते. तत्त्व तेच.

त्याही आधी खांबातून धागा काढता येतो. शंभर किलोमागे धागा किलोभरच निघतो, पण तो मजबूत असतो आणि जळणापेक्षा त्याचे मोल कितीतरी जास्त. शेजारच्या नवसारी कृषी विद्यापीठाने खांबातल्या रसापासून पिकांसाठी द्रवखत तयार केले आहे. धागा काढून, रस पिळून उरलेला गर टाकीत किंवा गांडूळखतात टाकावा. प्रत्येक वस्तूचा सर्वांत महाग उपयोग आधी आणि जाळणे सर्वांत शेवटी, हा क्रम शेतकऱ्याच्या खिशाला आणि निसर्गाला दोघांना मानवतो.

महाराष्ट्राची जुनी खटपट

शेतातल्या पाचोळ्यापासून ऊर्जा, ही कल्पना आपल्याकडे आजची नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांनी उसाचे पाचट आणि तत्सम हलक्या पाल्यापाचोळ्यावर चालणारे गॅसिफायर बनवले. कमी हवेत पाला तापवून त्याचा ज्वलनशील वायू करणारे हे यंत्र. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने उसाच्या पाचटापासून कोळसा बनवण्याची भट्टी तयार केली. त्या कामाला २००२ मध्ये आणि घरगुती बायोगॅस संयंत्राला २००६ मध्ये ब्रिटनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. पुण्याच्याच प्राज इंडस्ट्रीजच्या तंत्रावर पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनवणारा प्रकल्प उभा राहिला. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. वर्षाला दोन लाख टन पेंढा आणि त्यातून सुमारे तीन कोटी लिटर इथेनॉल, असे त्याचे नियोजन आहे.

या सगळ्यांत एक अनुभव समान आहे. प्रयोगशाळेत किंवा कारखान्यात यंत्र चालते. अडते ते गोळा करण्यात. काडी विखुरलेली, दोन-तीन महिन्यांतच मिळणारी, आणि मजुरी वाढती. उपटायला लोखंडी चिमटा, तुकडे करायला ट्रॅक्टरचे यंत्र आणि ठेवायला कोरडी जागा, हे तीन जिथे जमले तिथे धंदा टिकतो.

सरपण कोणाचे?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. पऱ्हाटीला भाव आला तर आनंदच आहे. पण भाव येतो तेव्हा फुकट मिळणारी वस्तू आधी गरिबाच्या हातून जाते. 'काड्या घेऊन जा' हा जुना करार मोडेल. ज्या घरात सिलिंडर भरायला पैसे नाहीत, त्या घरातली बाई मग लांबून काटक्या आणील किंवा प्लॅस्टिकही चुलीत घालील. तिचा धूर आजच्यापेक्षा वाईट असेल. विजेसाठी स्वच्छ झालेली काडी तिच्या स्वयंपाकघरात जास्त घाण करून जाईल.

हे टाळता येते. तालुक्यात पेलेटचा कारखाना निघाला, तर त्याने कुट्टी झालेल्या मालाचा एक हिस्सा गावासाठी ठेवावा. पेलेटवर चालणाऱ्या, छोटा पंखा असलेल्या शेगड्यांत आधी वायू तयार होतो आणि वर आलेल्या हवेत तो पूर्ण जळतो. मेणबत्तीच्या प्रयोगातला धूर इथे वाया जात नाही. साध्या चुलीपेक्षा जळण कमी लागते आणि धूर खूपच कमी होतो. गॅसइतकी ही शेगडी स्वच्छ नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. म्हणून पऱ्हाटीच्या मोबदल्यात मजूर कुटुंबाला सिलिंडरचे पैसे मिळाले, तर तो आणखी चांगला सौदा. १९८० च्या दशकात आलेल्या सुधारित चुली अनेक गावांत भेगा पडून बंद पडल्या, कारण दुरुस्तीला कोणी नव्हते. शेगड्या वाटून फोटो काढले म्हणजे काम झाले नाही, हा धडा तेव्हाच मिळाला आहे.

दुसरा हिस्सा मातीचा. सगळी पऱ्हाटी दरवर्षी उचलली तर जमिनीचा सेंद्रिय कर्ब घटतो. झडलेली पाने, नख्या आणि बारीक फांद्या रानातच राहू द्याव्यात, जाड काडी तेवढी न्यावी. हलक्या, उताराच्या जमिनीत तर एक-दोन वर्षांआड पऱ्हाटी कुट्टी करून मातीतच मिसळावी. ती कुजताना सुरुवातीला मातीतले नत्र ओढते, म्हणून पुढच्या पिकाला थोडे नत्र जास्त द्यावे लागते.

या हंगामात काय करता येईल?

कारखाना येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. डिसेंबरअखेर कपाशी संपवा. किडकी बोंडे जनावरांना चरू द्या. गटशेतीत किंवा शेतकरी कंपनीत कुट्टी यंत्र भाड्याने आणा आणि बांधावर ढीग साठवू नका. चुलीसाठी पऱ्हाटी ठेवायचीच असेल तर बोंडे झाडून, पूर्ण वाळवून, पावसापासून झाकून ठेवा. ओली काडी सर्वांत जास्त धूर करते. चूल शक्यतो उघड्यावर किंवा दोन बाजूंनी हवा खेळेल अशा जागी असावी आणि तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन कोणी तिच्यापुढे बसू नये. घरातल्या बाईला दोन-तीन महिने खोकला असेल, जिना चढताना दम लागत असेल, तर डॉक्टरांना ती किती वर्षे चुलीवर स्वयंपाक करते हे आवर्जून सांगा. स्पायरोमेट्री ही फुंकून करायची साधी तपासणी असते. आजार लवकर कळला, तर पुढची वर्षे दम लागत काढावी लागत नाहीत.

पाचोरा-जामनेर छोट्या रेल्वेच्या काळापासून पहूर परिसराचा कापूस गावाबाहेर जात आला आहे. आता पऱ्हाटीही बाहेर जाऊ लागेल. ती जाताना गावात काय ठेवून जाते, हे ग्रामसभेत आधी ठरवून घेतलेले बरे.